नेवासा, फर्स्ट गिअरमध्ये

दोनशे किलोची बाइक आडवी पडल्यावर माणूस सगळ्यात आधी काय करतो, माहितेय? इकडेतिकडे बघतो. कुणी पाहिलं तर नाही ना!

पाहिलं होतं. उसाच्या बांधाजवळ एक काका टीव्हीएस एक्सएलवर घासाचा भारा बांधून थांबले होते. "लई जड हाये का गाडी?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी मिळून माझं धूड उभं केलं. मग ज्या चिखलात मी लोळलो होतो, त्याच चिखलातून काका पाय न टेकता टुकूटुकू निघून गेले. त्यांची गाडी शंभर सीसीची. एकच गिअर, क्लचचा दांडाच नाही. माझ्याकडे चौपट सीसी, सहा गिअर आणि तीन वर्षांचे हप्ते. वर जळक्या क्लचचा वास.

स्थळ : नेवासा. पुण्यापासून साधारण 180 किमी. शनिवारी पहाटे निघालो. शिरूर, नगर (आता अधिकृतपणे अहिल्यानगर, तोंडात मात्र नगरच) आणि मग छत्रपती संभाजीनगरचा हायवे. नेवासा फाट्यापर्यंत सगळं कसं मस्त सहाव्या गिअरमध्ये! पुढे एका शिवरस्त्यावर गाडी घातली आणि माझी सगळी हुशारी पहिल्या दोनशे मीटरमध्ये संपली.

लडाखची जाहिरात, हिंजवडीचा गिऱ्हाईक

हिमालयन 2016 मध्ये आली, केटीएमची 390 ॲडव्हेंचर 2020 मध्ये, नवी हिमालयन 450 त्यानंतर 2023 मध्ये. जाहिरातीत बर्फ, नदी, डोंगर. विकत घेतो मात्र आपण, हिंजवडीच्या सिग्नलवर उभे राहणारे! घेताना सीसी विचारतो, मायलेज विचारतो, ईएमआय तर विचारतोच. फर्स्ट गिअरमध्ये ही गाडी किती हळू चालेल, हा प्रश्न कुणी विचारतं का? मीही नव्हता विचारला.

आता हिशेब बघा, सोपा आहे. माझ्या गाडीच्या फर्स्ट गिअरमध्ये इंजिनाचे साधारण 21 फेरे झाले की मागचं चाक एकदा फिरतं. चाकाचा घेर दोन मीटर. आयडलिंग 1700 आरपीएम. म्हणजे ॲक्सिलरेटरला हात न लावता क्लच पूर्ण सोडला, तरी गाडी ताशी साडेनऊ-पावणेदहा किमीने जाणार. माणूस चालतो ताशी पाचने. चिखलातून, गोट्यांवरून जड गाडी न्यायची ती याच वेगात. मग मधला फरक कोण भरून काढणार? बिचारा क्लच! अर्धवट दाबून ठेवला की प्लेटा घासत राहतात. आपल्याकडच्या बहुतेक बाइक्सचा क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणून तो सोसतो. पण किती सोसणार?

यात कंपनीची चूक नाही. एकाच गिअरबॉक्सकडून आपल्याला चिखलही हवा आणि हायवेवरचे 120 सुद्धा. ट्रॅक्टरचं तसं नसतं. त्याच्याकडे हाय-लोचा वेगळा दांडा असतो. लो-फर्स्टमध्ये तो दोन-तीन किमीच्या वेगाने निवांत ओढत राहतो. होंडाने हीच युक्ती आपल्या छोट्या सीटी 90 आणि सीटी 110 ट्रेल गाड्यांत वापरली होती. मोठ्या ॲडव्हेंचर बाइक्समध्ये मात्र अशी सोय सहसा नसते.

एक दात कमी

फाट्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. मेकॅनिकदादांनी वास घेऊनच निदान केलं. "पुढचं सॉकेट एक दात कमी करा," ते म्हणाले, "पण आधी हात सुधारा."

सॉकेट म्हणजे आपलं स्प्रॉकेट. माझ्या गाडीत पुढे 15 दाते, मागे 45. गुणोत्तर 3. पुढे 14 दात्यांचं बसवलं की ते 3.21 होतं. म्हणजे चाकावरची ओढ सात टक्क्यांनी वाढते. मागच्या बाजूला हाच परिणाम हवा असेल तर तीन दाते वाढवावे लागतात. पुढचं चाकं लहान आणि स्वस्त, शिवाय चेन बदलायची गरज सहसा पडत नाही.

मग सगळेच का नाही बसवत? कारण फुकट काहीच मिळत नाही, बॉस! ताशी 100 ला माझं इंजिन साधारण 5500 वर फिरत होतं, आता ते 5900 वर जाणार. आवाज, थरथर, पेट्रोल, सगळं थोडं थोडं वाढणार. 13 दाते लावले तर 6300 च्या पुढे! शिवाय चाक जितकं लहान, तितकी चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग मोजत असेल तर तोही जास्त वेग दाखवू लागतो. बीएमडब्ल्यूच्या मोठ्या जीएसला तर चेनच नाही, शाफ्ट आहे. तिथे हा उपाय विसराच.

आणि एवढं करून हाती काय लागलं? पावणेदहाचा वेग झाला नऊ. चालण्याच्या वेगापासून अजून चार किमी लांबच! दादांचं दुसरं वाक्य इथे कळतं. एक दात क्लचचं ओझं हलकं करतो, गाडी चालवायला शिकवत नाही. ते आपलं आपणच शिकायचं. ॲक्सिलरेटर स्थिर, क्लच दोन बोटांनी जिथे पकडतो तिथेच खेळवायचा, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर चाकापुढे नाही, लांब.

चाकोरी हा शब्द आपण ऑफिसला शिव्या देताना वापरतो. इथे ती खरोखरची असते, बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या चाकांनी पाडलेली. काळ्या मातीत ती वाळली की दगडासारखी होते. पुढचं चाक तिच्यात शिरलं की घाईघाईने बाहेर काढायला जाणारा हमखास पडतो. तिच्यातूनच सावकाश जायचं आणि ती उथळ होईल तिथे बाहेर यायचं.

थांबलेलं गाव

दुपारी क्लच गार होईपर्यंत वेळच वेळ होता, म्हणून पैस खांबाच्या मंदिरात गेलो. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी इथे, या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे. नऊ हजारांच्या आसपास ओव्या! खांबावर जुना कोरीव लेख आहे. दुर्गा भागवतांच्या 1970 च्या 'पैस' या पुस्तकाचं नाव याच खांबावरून आलेलं. पैस म्हणजे ऐसपैस, मोकळी जागा. मंदिरात फारसं कुणी नव्हतं. एक आजोबा पोथी वाचत होते, एकेका ओळीवर बोट ठेवून. मी अर्धा तास बसलो. मोबाइल काढला नाही, हे लिहितानासुद्धा खोटं वाटतंय.

गावात मोहिनीराजाचं मंदिर बघा. प्रवरेकाठच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी 1954 ते 1956 मध्ये उत्खनन केलं होतं. अश्मयुगीन हत्यारांपासून सातवाहन काळापर्यंत एकावर एक थर मिळाले. म्हणजे माणसं इथे फार पूर्वीपासून मुक्कामाला येताहेत. आम्ही मात्र शिंगणापूर आणि वेरूळच्या मधला तासाभराचा स्टॉप म्हणून नेवासा प्लॅन केलं होतं!

पुण्यात येऊन नव्या क्लच प्लेटा टाकल्या, 14 दात्यांचं स्प्रॉकेट बसवलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच शिवरस्ता गाठला. चिखल होताच. फर्स्ट गिअर, दोन बोटं, हलका ब्रेक. निघालो पार! एकदाच पाय टेकला. काका कुठे दिसले नाहीत, हे बरंच झालं.

जाता-जाता

कधी : पावसाळा सरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत. भर पावसात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे गच्च बसते आणि चाकच अडकतं. हिवाळ्यात हायवेवर उसाच्या ट्रॉल्या असतात, रात्री जपून.

काय चुकवू नये : प्रवरासंगम. इथे प्रवरा गोदावरीला मिळते आणि जायकवाडीचं पाणी इथवर पसरतं. पलीकडे टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर.

एवढं पाळा : पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावर लोक पिकं घेतात. ते रिकामं मैदान नाही, तिथे बाइक घालू नका. शेतातल्या वाटेवर आधी विचारा. आणि मागून एक्सएल आली तर साइड द्या!