गलबत कुणाचं?

इंग्रज आपल्या मोठ्या जहाजाला एक छोटी होडी टांगून ठेवत, ती ‘जॉली-बोट’. हा शब्द आपल्या ‘गलबता’शी जोडलेला असावा, असं यूल आणि बर्नेल ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 सालच्या कोशात सुचवतात. एवढ्या एका नोंदीपायी मी रत्नागिरी गाठली.

लॉजवर ‘सी व्ह्यू’ म्हणून दिलेल्या खोलीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती. थिबा पॅलेस रिक्षातूनच पाहिला. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इथे कैदेत आला तेही 1886 सालीच. पण माझं चित्त आरमारात.

रत्नदुर्गावर मात्र पाय निघेना. तिन्ही बाजूंना समुद्र. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची मदार गुराबा आणि गलबतं यांच्यावर. ‘गुराब’ अरबी, मूळ अर्थ कावळा. इंग्रजांनी त्याचं ‘ग्रॅब’ केलं. त्यावर वाद नाही. गलबत म्हणजे दोन डोलकाठ्या, 40-50 वल्ही, वजन फार तर 70 टन, असं इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने लिहून ठेवलंय. वारा पडला की कंपनीची जहाजं जागीच खिळत. मग गलबतं गुराबांना ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून सोडत. तटावर उभं राहून हे सगळं डोळ्यांपुढे आणताना दीपगृह बघायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक भेटले. त्यांच्या मते गलबत अस्सल कोकणी, इंग्रजांनी आपल्याकडून उचललेलं.

“पण सर, ‘जॉलिवाट’ नावाची होडी इंग्लंडच्या कागदांत 15व्या शतकाच्या अखेरीस सापडते. तेव्हा इकडे इंग्रज होता कुठे?”

“मग जॉली-बोट सोडा. गलबताची इंग्रजी ‘गॅलिव्हॅट’ तरी आपलीच ना?”

तिथेही मला पोर्तुगीज ‘गालिओता’चा वास येतो. सर उखडले. “वल्ही आमची, खलाशी आमचे, तोफा आमच्या, आणि नाव फिरंग्यांचं?”

“खलाशी अरबी, सर. तोफ तुर्की.”

चहा येईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “कान्होजींना विचारलं असतंत, तर त्यांनी आधी तुमचा दस्तक बघितला असता.”

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एका तांडेलाला गलबताबद्दल विचारलं. जाळं सोडवता सोडवता तो म्हणाला, “ते शाळेच्या पुस्तकात होतं. आमची ही लाँच.”