सुट्टी नको असलेली मुलगी

मुलांनो, १ मेला झेंडावंदन होतं, निकाल हातात पडतो आणि तुम्ही धूम ठोकता. आम्ही मागून ओरडतो, “मजा करा रे!” मीही दरवर्षी तेच म्हणत असे. पण एका वर्षी तिसरीतली एक मुलगी व्हरांड्यातून हललीच नाही.

“मॅडम, शाळा कवा उघडते?”

निकाल लागून दहा मिनिटंही झाली नव्हती! मला हसू आलं. “काहून वं, सुट्टी नाही पाहिजे?”

“नाई. घरी करमत नाई.”

मग हळूहळू कळलं. आमचं शेंदूरजनाघाट म्हणजे संत्र्यांचं आणि संत्र्याच्या कलमांचं गाव. तिची आई भल्या सकाळी नर्सरीत मजुरीला जाई. सुट्टी लागली की तीन वर्षांचा भाऊ, पाणी, भांडी, सगळं हिच्याकडे. शाळेत ती आठ वर्षांची होती, घरी एकदम मोठी बाई!

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, “मले तं वाटे, सुट्टी म्हंजे पोरीले आराम.” खरंच तसं वाटत होतं तिला. पोरीनं कधी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. म्हणून तर विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. एवढे दिवस दुपारभर घरात कोंडून राहायचं! आम्ही तिघींनी ओट्यावर बसून ठरवलं. सकाळच्या शाळेला उठायची तसंच लवकर उठायचं, थंड वेळेत काम आटपायचं. दुपारी भाऊ शेजारच्या आजीजवळ. आणि आई आली की संध्याकाळचा एक तास हिचा. त्या तासात कोणी हाक मारायची नाही.

पहिले चार दिवस काही जमलं नाही. आई थकून येई, हाक जाईच. पाचव्या दिवशी बाजारातून येताना पाहते, तर ही पाराजवळ लंगडी खेळत होती.

तुमच्याही घरी सुरुवातीला खटके उडतात ना? तुम्ही नऊला उठता, तोवर आईच्या गच्चीवर कुरडया घालूनही झालेल्या असतात. सुट्टी तुम्हाला लागलेली असते, तिला नाही! एकदा जेवताना विचारून बघा, “आई, माझं काम कोणतं आणि माझा वेळ कोणता?” दोन्ही विचारा बरं का. नुसतं दुसरंच विचाराल तर लाटणं बसेल!

आता एप्रिल संपत आला की मी वर्गात विचारते, “सुट्टी कोणाला नको?” आधी सगळे हसतात. मग मागच्या रांगेतून दोन-तीन हात हळूच वर येतात.