तिथीची पाऊणपट
कोकणातल्या पायवाटांवरून : हप्ता दुसरा, काशीद

मंगळवार, मार्गशीर्ष पौर्णिमा

लाँच आणि पुढे अलिबागपर्यंत बस २२० रुपये. चहा आणि दोन वडे ५५. रेवदंड्यापर्यंत मिनीडोर ५०. तिथून काशीदपर्यंत रिक्षा ४५०. पाण्याची बाटली २०. एकूण ७९५.

उशीर : लाँच पाऊण तास, चौलला दीड तास. आज दत्तजयंती. भोवाळ्याच्या डोंगरावर पाच दिवसांची यात्रा भरली आहे आणि रस्ता माणसांनी भरून गेला आहे. डावी पोटरी मुंबईहूनच धरलेली. आज धावणं नाही. समुद्राचा आवाज येतोय, पण उठून बघायचं त्राण नाही.

बुधवार, प्रतिपदा

पहाटे साडेपाचला बूट बांधून निघाले, तर ओट्यावर बसलेल्या आबांनी थांबवलं. आबा म्हणजे घरमालकीण वहिनींचे सासरे. जन्मभर होडीवर काम केलं, आता गुडघे साथ देत नाहीत. "कुठं चाललात ताई? पुळणीवर? मग चहा घ्या, अजून वेळ आहे." त्यांना वेळ कळला कसा, हे विचारल्यावर त्यांनी गणित सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. आज प्रतिपदा, म्हणजे पाऊण. पाऊण वाजता पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, एकादशीला सव्वाआठला. रोज पाऊण तास पुढे. पौर्णिमेनंतरचे दोन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी येतं तेही खूप आणि जातं तेही लांब. घड्याळात दहावीस मिनिटं इकडे तिकडे होतात, पण धावणाऱ्याला एवढं पुरे.

सात वाजता उतरले तेव्हा आबांचा शब्द खरा होता. काशीदची पुळण जवळजवळ तीन किलोमीटर, दोन्ही टोकांना खडक. भरतीच्या रेषेजवळ वाळू मऊ आणि उतरती, तिथे एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर दुखते. ओहोटीला मात्र खालची ओली वाळू उघडी पडते. ती सपाट आणि घट्ट, डांबरापेक्षा कितीतरी दयाळू. पूर्वेला डोंगर असल्यामुळे सूर्य वर आला तरी पुळण सावलीतच राहते. दक्षिणेच्या खडकापर्यंत जाऊन उत्तरेच्या खडकापर्यंत आणि परत, पोटरीने एकदाही तक्रार केली नाही. घोडेवाले आणि भज्यांच्या टपऱ्या यायच्या आत सगळी पुळण माझी होती. माझी आणि शंखशिंपले वेचणाऱ्या दोन बायकांची.

परत आल्यावर आबा दुसरंच बोलले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, तो दिवस त्यांना आठवतो. "पाणी वाईट नसतं, ताई. त्याची वेळ बघायला कुणी थांबत नाही." मग निसर्ग वादळाचं बोलणं निघालं, ३ जून २०२०. सुरूची झाडं कशी एकावर एक पडली, वाडीतल्या सुपाऱ्या कशा मोडल्या. सुपारी पुन्हा धरायला वर्षं जातात. ते बोलत होते आणि वहिनी आतून "आबा, औषध घ्या" म्हणत होत्या. मी उठूच शकले नाही.

खर्च : नाश्ता ८०, जेवण २५०, नारळपाणी ५०. रात्री हॉर्न. पोटरी बरी.

गुरुवार, द्वितीया

ओहोटी पावणेआठला. तोवर थांबवेना म्हणून डोंगराकडची पायवाट धरली. वीस मिनिटांत वाट संपली. पुढे नवीन कंपाउंडची भिंत, वर काचा. भिंतीच्या कडेने एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन उतरत होती. म्हणाली, आधी सरळ खाली यायचो, आता ओढ्यातून वळसा. मीही ओढ्यातूनच आले. गोटे, काटे, पोटरी पुन्हा धरली.

नाश्ता ८०. क्रेप बँडेज १२०. नारळपाणी ५०. जेवण २५०. मार्गशीर्षातला गुरुवार, वहिनींचा उपास, त्यामुळे मासे नाहीत. वालाचं बिरडं होतं, दोनदा मागून घेतलं.

हॉर्न रात्री दीडपर्यंत. वर्षअखेरच्या गाड्या यायला लागल्या.

शुक्रवार, तृतीया

फणसाड. रिक्षा जाऊनयेऊन ९००, प्रवेश आणि वाटाड्या मिळून ६००. महाग वाटलं होतं, आता वाटत नाही.

हे जंगल जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. डोंगरमाथ्यावर गवताचे माळ आणि उतारांवर दाट झाडी. ऐन, किंजळ, कुडा, अंजनी. गारंबीचा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर असा पसरलेला की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, सांगता येत नाही.

वाटाड्या पंचविशीतला, जवळच्याच वाडीतला. मी धावायला आले आहे म्हटल्यावर तो हसला नाही. त्याने वाटेचे भाग पाडून दिले. माळावर पळा, तिथे लांबचं दिसतं. झाडीत चाला. पाणवठ्याच्या जवळ चालणंही हळू, बोलणं बंद. इथे बारमाही पाणी धरणारे पाणवठे आहेत, त्यांना गाण म्हणतात. चिखलगाण, धरणगाण, फणसाडगाण. हिवाळा सरला की रानातली सगळी तहान तिथे गोळा होते. सकाळी सांबर पाण्यावर येतं, त्याच्या मागे कधी बिबट्या. धावणारं माणूस पाहिलं की सांबर पाणी न पिताच जातं, आणि मग दिवसभर उन्हात फिरतं. "तुमचा दम पाच मिनिटांत भरून येईल, त्याला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं," तो म्हणाला. धावण्याच्या कुठल्याही पुस्तकातला नियम मला इतका पटलेला नाही.

माळावर मात्र मनसोक्त पळाले. कंबरभर वाळलेलं गवत, मधून एक पावलाची वाट, उजवीकडे खाली समुद्राची पट्टी. उतरताना शेकरू दिसलं. उंच फांदीवरून शेपटी खाली सोडून बसलेलं.

एका ठिकाणी आडवा ओंडका करवतीने कापून बाजूला सारलेला होता. निसर्ग वादळात पडलेलं झाड. वाटाड्या म्हणाला, वाट वापरातली होती म्हणून लोकांनी दुसऱ्याच आठवड्यात मोकळी केली. पलीकडच्या डोंगरावरची अशीच एक वाट कुणी वापरत नव्हतं. ती आता त्यालाही सापडत नाही.

संध्याकाळी अंगणात पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, मीठ, ओवा. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घातलं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं की ते चर्र करून उडतं, म्हणजे झालं. पाल्याचा उग्र वास शेंगेच्या आतल्या दाण्यापर्यंत गेलेला. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून मडकं रिकामं केलं. कुणी पैसे घेईना.

शनिवार, संकष्टी

रस्त्याने नांदगाव आणि परत. २०२१ च्या जुलैतल्या पावसात काशीदजवळचा जुना पूल कोसळला होता. आता ओलांडताना तिथे काही घडलं होतं असं वाटतही नाही. सिद्धिविनायकाला संकष्टीची रांग. बाहेरूनच हात जोडले, घामाने निथळत होते.

येताना सकाळच्या शाळेला निघालेली मुलं भेटली. दोन मुली दप्तरासकट माझ्याबरोबर पळाल्या आणि चढावर मला मागे टाकून गेल्या. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी असाच सहा किलोमीटर शाळेत चालत-पळत जायचा, कारण गाडीच नव्हती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. त्या मुलींना हे सांगायचं होतं, पण त्या थांबल्याच नाहीत.

गाड्या अंगावर येतात. दोनदा गटारात उतरावं लागलं. हॉर्न.

रविवार

रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. पहाटेच दुचाकीवर वहिनींच्या भावाबरोबर साळावच्या पुढे, कुंडलिकेच्या खाडीकाठी. पेट्रोलचे २०० दिले.

खारबंदिस्तीच्या बांधावरून धावले. या प्रवासातली सगळ्यात चांगली वाट हीच. एका हाताला कांदळवन आणि खाडी, दुसऱ्या हाताला कापणी झालेली भातखाचरं, काहींत ओलीवर पेरलेला वाल. बांध मातीचा, माणसाच्या उंचीचा, माथा दोन माणसं शेजारून जातील एवढा. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तो. जागोजागी उघाड्या : खाडीचं पाणी चढलं की झडप मिटते, उतरलं की उघडते आणि शेतातलं गोडं पाणी बाहेर जातं. मी गेले तेव्हा ओहोटी लागली होती आणि पाणी खळखळत खाडीत पडत होतं.

बांधावर तीन माणसं भेटली, तिघांच्याही हातात फावडं. खेकड्यांनी पोखरलेली भोकं बुजवत होते. एकाने सांगितलं, एक भोक राहिलं आणि उधाण आलं की खांड पडते. मग खारं पाणी शिरतं आणि दोन-तीन वर्षं भात होत नाही. मी ज्या सपाट मातीवरून सुखाने धावत होते, ती या लोकांनी हाताने सपाट ठेवली होती. बूट काढून धावावं असं वाटलं, आणि काही अंतर तशी धावलेही.

सोमवार

रिक्षा, बस, लाँच मिळून ७२०.

लाँचवर लिहिते आहे. धावणाऱ्यांच्या गप्पांत रम्य मार्गांच्या याद्या असतात. किती चढ, किती सावली, पाणी कुठे मिळेल. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट वर्षातली एक सकाळ आपल्यासाठी मोकळा ठेवतात, त्याचं कौतुक मीही केलं आहे. या आठवड्यानंतर मला पहिला प्रश्न वेगळा पडतो : ही वाट रोज कोण वापरतं? काशीदच्या डोंगरावरची वाट मोळीवाल्या बायकांची, माळावरची वाडीतल्या लोकांची, बांध फावडेवाल्यांचा. त्यांचे पाय थांबले की आपल्यालाही धावायला काही उरत नाही.

गावनकाशावर पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते आणि गाडीवाट दुहेरी. ती एकेरी रेषा म्हणजे गावाचा हक्क आहे. २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी राज्याने मातोश्री योजना आणली, पण तिचा रोख शेतात यंत्र आणि गाडी जाण्यावर होता. मोळीवाल्या म्हातारीची वाट त्यात बसली नाही. किनाऱ्यावर जमिनी विकल्या जात आहेत, कुंपणं पडत आहेत, आणि प्रत्येक कुंपण एखादी तुटक रेषा कापतं.

म्हणून आपण एवढं करावं. ज्या गावात धावायला जाऊ, तिथल्या ग्रामपंचायतीत गावनकाशा मागून बघावा. धावलेली वाट त्यावर आहे का ते पाहावं. असेल आणि अडवली असेल, तर गावातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन लेखी अर्ज द्यावा. घड्याळ आपल्या पावलांची नोंद ठेवतं, तिचा एक छापील नकाशा अर्जाला जोडता येतो. मी काशीदच्या त्या भिंतीसाठी आबांच्या आणि वहिनींच्या सहीने तसा अर्ज आज सकाळी दिला. झेरॉक्स १० रुपये. पोच मिळाली आहे.