विजयदुर्गचे कट्टे आणि एक पिवळी रेषा

गेल्या जानेवारीत कोकणात जाण्याचा योग आला. आमचे घराणे मूळचे देवगड तालुक्यातले. परंतु चार पिढ्या हैदराबादेत गेल्यामुळे आता कोकण म्हणजे कुलदैवत आणि आंबे एवढेच आमच्यापुरते उरले आहे. कोल्हापूरहून गगनबावड्याला आलो, करूळचा घाट उतरलो आणि तळेरे मागे टाकून तिन्हीसांजेला विजयदुर्ग गाठले. बरोबर आमचे थोरले बंधू होते. वय ऐंशीच्या घरात. हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली. 'हेलियम वायूचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला' हे वाक्य दादांनी वर्गात, मंडळाच्या व्याख्यानांत, फार काय लग्नाच्या पंक्तीतसुद्धा अनेकदा ऐकवले आहे. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढ्यासाठी हा प्रवास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यात शिरलो. तिन्ही बाजूंनी समुद्र, एकीकडे वाघोटनची खाडी आणि एकाआड एक तीन तटांच्या भिंती. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी हा दुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, हा इतिहास वाचकांना ठाऊकच असेल. आम्हांस पाहायचे होते ते 'साहेबाचे कट्टे'. दुर्बिणी आणि यंत्रे ठेवण्यासाठी बांधलेले ते ओटे दिसायला अगदी साधे आहेत. कोणी सांगितले नाही तर माणूस त्यांवर बसून शेंगा खाईल आणि निघून जाईल. दादांनी मात्र जोडे काढले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. निघण्यापूर्वी आम्ही थोडे वाचन केले होते, आणि त्यातून जे कळले ते दादांना सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नव्हते. ते काम आमच्याबरोबर फिरणाऱ्या गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी नकळत केले. दादांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची कथा सुरू केली, तेव्हा ते हसून म्हणाले, ऑगस्टात या किनाऱ्यावर सूर्य दिसतोच किती? दादा थांबले आणि आमच्याकडे पाहू लागले. मग सारे सांगणे भाग पडले.

त्या ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला हे खरे. परंतु नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते. ते युद्धखात्यात कारकून होते आणि फावल्या वेळात सूर्य पाहत. वर्णपटदर्शकातून ग्रहण पाहणारी मंडळी होती ती अन्यत्र. जमखंडीस लेफ्टनंट हर्शेल होते आणि त्यांना ढगांनी सतावले. मछलीपट्टणास पॉग्सन आणि गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे ठरले. त्या रेषांत एक पिवळी होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली. जान्सेन यांना त्या रेषा इतक्या ठळक वाटल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. लॉकियर यांनी तीच युक्ती २० ऑक्टोबरला इंग्लंडात स्वतंत्रपणे साधली. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही याची खात्री लॉकियर यांनी पुढे करून घेतली, आणि त्या अज्ञात द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते १८९५ साली रॅम्से यांना एका खनिजात सापडले.

मग हे कट्टे कोणाचे? तेही लॉकियर यांचेच. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचे. त्या वेळी ते खरोखरच येथे आले होते. 'मेलपोमीनी' या युद्धनौकेवरचे शंभरावर खलाशी त्यांच्या मदतीस होते, आणि सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीत सूर्याच्या कडेचा वर्णपट छायाचित्रांत पकडायचा होता. जानेवारीचे निरभ्र आकाश! कोकणी माणसाला यात नवल वाटणार नाही.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. त्यांनी विचारले, "पण मग ही रेषा ग्रहणापर्यंत कोणाला दिसली कशी नाही? फ्राउनहोफरने १८१४ साली सूर्यप्रकाशात शेकडो काळ्या रेषा नोंदल्या होत्या ना?"

आम्हांस वाटते, या कट्ट्यांवर बसून विचारण्यासारखा प्रश्न हाच. हेलियम काही सूर्यात दुर्मीळ नाही; सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा तोच आहे. तरी तो लपला, आणि लपण्याचे कारण अणूच्या आत आहे. अणूतील इलेक्ट्रॉन वाटेल तेवढी ऊर्जा घेऊन राहू शकत नाही. किल्ल्याच्या पायऱ्यांवर उभे राहता येते, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही, तसेच. वरच्या पायरीवरून खाली येताना तो त्या अंतराएवढी ऊर्जा प्रकाशरूपाने टाकतो, आणि म्हणून प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. सोडियमच्या पिवळ्या रेषांसाठी तळापासून दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांची चढण पुरते. हेलियमच्या पिवळ्या रेषेत इलेक्ट्रॉन ज्या पायरीवर येऊन थांबतो, ती खालची पायरीच तळापासून सुमारे एकवीस इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच आहे! सूर्याच्या पृष्ठभागावरील साडेपाच हजार अंशांच्या उष्णतेला ही चढण झेपत नाही. त्यामुळे बिंबाच्या साध्या प्रकाशात ती रेषा जवळजवळ नसतेच. वरच्या विरळ थरात मात्र किरीटातून येणारे अतिनील किरण अणूंना तेथवर पोचवतात. आणि तो थर बिंबाच्या झगझगाटात बुडालेला असल्याने प्रथम ग्रहणातच नजरेस आला.

दुसरी गंमत याहून खोल आहे. हेलियमच्या रेषा दोन वेगळ्या घराण्यांच्या आहेत असे १८९५ मध्ये रुंगे आणि पाशेन यांना आढळले, तेव्हा हे दोन वायूंचे मिश्रण असावे असा तर्क झाला. १९१३ चा बोर यांचा सिद्धांत एका इलेक्ट्रॉनच्या हायड्रोजनला लागू पडला, पण दोन इलेक्ट्रॉन येताच त्याचे गणित बिघडले. उलगडा हायझेनबर्ग यांनी १९२६ मध्ये केला. दोन इलेक्ट्रॉन इतके सारखे असतात, की हा पहिला आणि तो दुसरा असे निसर्गालाही म्हणता येत नाही. त्यांच्या अंगची फिरकी परस्परविरुद्ध असेल तर एक घराणे होते, समांतर असेल तर दुसरे. समांतर असताना दोघांना तळाच्या पायरीवर एकत्र राहण्याची मनाई. एकाने वर राहावेच लागते. प्रकाश टाकून एका घराण्यातून दुसऱ्यात जाणे जवळजवळ अशक्य, म्हणून एकच वायू दोन वायूंसारखा भासला. आपली पिवळी रेषा समांतर घराण्याची.

"म्हणजे १८६८ साली जे पाहिले, त्याचा अर्थ लागायला अठ्ठावन्न वर्षे गेली," दादा म्हणाले. वाक्य हातचे गेल्याचे त्यांना दुःख झाले होते, हे आम्हांला दिसत होते. अलीकडे १८ ऑगस्टला येथे हेलियम दिन साजरा होतो; त्यात आम्हांला काही वावगे वाटत नाही. पण कट्ट्यांचे खरे साल कोणी तरी मुलांना सांगावे.

परतताना आम्ही दादांना आणखी एक गोष्ट सांगितली. १८६८ च्या त्या ग्रहणासाठी मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखात वनपर्तीला गेले होते. वनपर्ती आमच्या घरापासून दीडशे किलोमीटरांच्या आसपास. चार पिढ्यांत आमच्यापैकी एकही तिकडे फिरकला नव्हता.

रात्री उतरलो होतो त्या घरी दादांनी स्वयंपाकघरात जाऊन मालकीणबाईंची परवानगी घेतली आणि शेगडीच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले. ज्योत भपकन पिवळी झाली. "ही सोडियमची," ते आमच्या नातवाला म्हणाले. "ती दुसरी हिच्या अगदी शेजारची. ती इथे दिसायची नाही. आता नीट ऐक, १८६८ साली गुंटूरला..."