परम सद्भाव

परीक्षा घेणाऱ्याने पुन्हा परीक्षेला बसू नये, असे माझे कित्येक वर्षांचे मत होते. यंदाच्या उन्हाळ्यात ते मला गिळावे लागले. वय 46, शिक्षण मराठीचे एम. ए. आणि नोकरी तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे. सुट्टी लागली की नुसती सुट्टी! तेव्हा विमा प्रतिनिधी व्हायचे ठरवले. त्याची परीक्षा संगणकावर होते : 50 प्रश्न, एक तास, उत्तीर्ण व्हायला शेकडा 35 गुण. अमरावतीत कुणी पाहू नये म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टण घातले आणि भातकुलीला, बाबांच्या घरी, अभ्यासाला गेलो.

पुस्तक मराठीत होते आणि मराठीच्या प्राध्यापकालाच ते कळेना! 'विमायोग्य हितसंबंध' म्हणजे काय? तर शेजाऱ्याच्या गोठ्याचा विमा आपल्याला उतरवता येत नाही. तो जळाला तर आपले काही जात नाही. स्वतःच्या जिवावर मात्र माणसाचे हित अमर्याद. आणि 'परम सद्भाव'? सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्यावरून लंडनमध्ये खटला झाला. 1766 साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी त्यात सांगितले, की जे एकालाच ठाऊक आहे ते त्याने दडवून ठेवू नये. विमा उभा आहे तो या विश्वासावर.

आमचे गाव खारपाण पट्ट्यातले. विहिरीचे पाणी खारट, शेती पावसाच्या भरवशावर. जोखीम म्हणजे काय, हे बाबांना पुस्तक न वाचताही ठाऊक. 2016 साली पंतप्रधान पीक विमा योजना आली, तेव्हा गारपिटीचे नुकसान 48 तासांत कळवा, असा नियम होता. बाबांनी तो कधी चुकवला नाही.

एका संध्याकाळी सराव म्हणून मी त्यांनाच गिऱ्हाईक केले. ते बाजेवर बसलेले, मी समोर प्रस्तावाचा नमुना घेऊन.

"छातीत कधी दुखते का?"

"नाई."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "खरं सांगा नं."

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "दोन वर्सं झाले. चढावर चाललं का दुखते. तुले कायले सांगाव? तुह्याच मांगं व्याप काय कमी हायेत?"

माझ्या हातातली लेखणी थांबली. पिकाचे दुखणे 48 तासांत कळवणाऱ्या माणसाने स्वतःचे दोन वर्षे दडवले होते. ठरवले, सकाळच्या पहिल्या गाडीने त्यांना डॉक्टरांकडे न्यायचे.

कागद आवरू लागलो, तर बाबा म्हणाले, "थांब. आता मी इचारतो. कॉलेजात तुले पगार किती भेटते रे?"

दहा वर्षे त्यांना वाटत होते, की मुलगा कायम झाला आहे. मीही तसे वाटू दिले होते. पुस्तकाचे वेष्टण काढले, ते त्यांच्यापुढे ठेवले आणि आकडा सांगितला.

बाबांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले. "परीक्षा कधी हाय?" त्यांनी विचारले, आणि आईला दिवा जरा इकडे आणायला सांगितला.