बेनचं देणं

किशोरवयीन मुलांसाठी मी आज जे काही लिहिते, त्याची सुरुवात बारडोलीत एका इंग्रजीच्या शिक्षिकेच्या घरी झाली. तिकडे शिक्षिकेला सगळी मुलं बेन म्हणतात, मीही तेच म्हणायचे. त्या सुन्नी व्होरा समाजातल्या. भाचरं-पुतणी कुणी अहमदाबादला, कुणी इंग्लंडला. घरात त्या एकट्या आणि पुस्तकं.

आम्ही मूळचे नवापूरकडचे. पप्पा साखर कारखान्यात फिटर होते. दर हंगामात खानदेशातून आणि डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीकडे येतात, त्यांच्यासोबत आमच्यासारखी काही घरंही तिथली होऊन गेली. घरात मराठी, शाळेत गुजराती, आणि सुट्टीत भुसावळकडे जाणाऱ्या गाडीनं मामाचं गाव. बेननी मला शिकवणीची फी कधी मागितली नाही. मला स्वराज आश्रम दाखवायला त्याच घेऊन गेल्या. १९२८ च्या सत्याग्रहाची गोष्ट सांगताना सरदारांसोबत इमामसाहेब बावजीर आणि अब्बास तय्यबजी ही नावं त्या न चुकता घ्यायच्या. एक दक्षिण आफ्रिकेपासून गांधीजींबरोबर असलेले, दुसरे बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश. हेही बारडोलीसाठी उन्हातान्हात फिरलेत, लक्षात ठेव, म्हणायच्या.

२६ जुलै २००८ च्या शनिवारी संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक स्फोट झाले. जखमींना जिथे नेत होते त्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातही बॉम्ब फुटला. ५६ माणसं गेली. पुढच्या दिवसांत सुरतेत झाडांवर, पाट्यांमागे जिवंत बॉम्ब सापडू लागले. एकही फुटला नाही, पण सुरतेला रोज कामाला जाणारं सगळं बारडोली हादरून गेलं होतं. मी तेव्हा नववीत होते.

बेनची धाकटी बहीण अहमदाबादला राहायची. त्या रात्री उशिरापर्यंत तिचा फोन लागत नव्हता. सकाळी दूध आणायला बाहेर पडल्या, तर वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या माणसानं त्यांना थांबवून विचारलं, तुमचे लोक हे असं का करतात? त्या आठवड्यात शिकवणीची मुलंही रोडावली. पप्पा मला घेऊन मुद्दाम त्यांच्याकडे गेले आणि दारातूनच म्हणाले, "बेन, अहमदाबादला सगळे ठीक आहेत ना?" त्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि रडू लागल्या. बहीण सुखरूप होती. थोड्या वेळानं म्हणाल्या, "भाई, काल टीव्ही पाहून मलाही तुमच्यासारखंच भरून आलं होतं. पण आम्हाला आधी जबाब द्यावा लागतो, रडायचं नंतर."

हे वाक्य माझ्या लेखनाच्या मुळाशी आहे.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला 'डज माय हेड लुक बिग इन धिस?' ही कादंबरी दिली. इंग्लंडात बॅटलीला राहणाऱ्या पुतणीनं ती पाठवली होती. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये ५२ माणसं मारली गेली. त्या हल्लेखोरांचा म्होरक्या बॅटलीला लागून असलेल्या ड्यूजबरीत राहायचा, त्यामुळे त्या पुतणीलाही शाळेत जबाब द्यावा लागला होता. रांदा अब्देल-फत्ताह यांच्या या कादंबरीतली सोळा वर्षांची अमल मेलबर्नची. ती हिजाब घालायचं स्वतःहून ठरवते, आणि बालीच्या बॉम्बस्फोटानंतर शाळेत तिनंच या विषयावर बोलावं अशी अपेक्षा होते. बेननी प्रत्येक पान माझ्याबरोबर वाचलं, अडलेला शब्द गुजरातीत सांगितला. मुसलमान मुलगी आईशी भांडते, मैत्रिणींत हसते, एखाद्या मुलावर जीव लावते, हे मी तोवर कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

पुढे मी अशी पुस्तकं शोधून वाचली. मुंबईत जन्मलेल्या समीरा अहमद यांच्या २०१८ च्या 'लव्ह, हेट अँड अदर फिल्टर्स'मध्ये माया अझीझला सिनेमा शिकायचाय. हल्ल्यातल्या संशयिताचं आडनाव तिच्यासारखंच निघतं आणि घरावर संकट येतं. वेंडी मिल्स यांच्या 'ऑल वी हॅव लेफ्ट'मध्ये तर ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या मनोऱ्यात अडकलेली मुस्लिम मुलगी आणि त्याच हल्ल्यात भाऊ गमावलेल्या घरातली मुलगी एकाच पुस्तकात भेटतात. मला हे पुस्तक सगळ्यांत मोठं वाटतं, कारण त्यात दुःखाची वाटणी धर्मानं होत नाही.

आणि मग मालेगाव आठवतं. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. नमाजानंतर बडा कब्रस्तानपाशी स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. मेले ते मुसलमान आणि आधी पकडले गेले तेही मुसलमानच. त्या आरोपींना न्यायालयानं दोषमुक्त केलं तेव्हा २०१६ साल उजाडलं होतं. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांत दहा वर्षांची एक मुलगी होती. हे शहर महाराष्ट्रातलं, आपल्या नाशिक जिल्ह्यातलं. तिथल्या एखाद्या मुलाच्या तोंडून हे सगळं सांगणारी मराठी किशोरकादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. मी ती लिहायला घेतली आहे.

बेन २०१९ साली गेल्या. फी त्यांनी घेतली नव्हतीच, आणि हे देणं पुस्तकानं फिटेल असंही मला वाटत नाही. पण शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुसलमान मुलाला स्फोटाबद्दल काही विचारू नका. घरचे सगळे ठीक आहेत ना, एवढं विचारा.