नेणिवेचा कारभार

माणूस जसा वागतो त्याची सगळी कारणे त्याला स्वतःला ठाऊक नसतात, या गृहीतावर मनोगतिक दृष्टिकोन उभा आहे. यातला ‘गती’ हा शब्द महत्त्वाचा. मनात एक इच्छा वर येऊ पाहते, भीती किंवा लाज तिला खाली रेटते, आणि या रेटारेटीतून जी तडजोड बाहेर पडते तिला त्या माणसाचे वागणे म्हणायचे. तडजोडीची तीच रीत वर्षानुवर्षे टिकली की लोक तिला स्वभाव म्हणतात.

या विचाराचा पाया घालणारे सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) मुळात मज्जासंस्थेचे अभ्यासक. उमेदीची वर्षे त्यांनी व्हिएन्नातल्या शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत घालवली. १८८५ मध्ये ते पॅरिसला शार्को या डॉक्टरांकडे गेले. तिथे उन्मादाचे, म्हणजे हिस्टेरियाचे, रुग्ण होते. हात लुळा पडलेला, पण नसा धडधाकट. तसाच लुळेपणा संमोहनाने आणता येत होता आणि घालवताही येत होता. म्हणजे आजाराचे मूळ एखाद्या कल्पनेत असू शकते, आणि ती कल्पना रुग्णाच्या जाणिवेबाहेर, म्हणजे नेणिवेत, असू शकते.

व्हिएन्नातले ज्येष्ठ डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात तपासलेल्या एका तरुणीची हकीकत फ्रॉइड यांनी ऐकली होती. ‘ॲना ओ.’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिला तहान लागे, पण पाण्याचा पेला ओठांपाशी नेला की ती तो दूर सारी. असे काही आठवडे चालले. संमोहित अवस्थेत एकदा तिला आठवले, की सोबतीला असलेल्या बाईच्या कुत्र्याला तिने पेल्यातून पाणी पिताना पाहिले होते आणि सभ्यतेखातर किळस गिळून टाकली होती. ती किळस बोलून दाखवल्यावर तिने पाणी मागितले. या उपचाराला ‘बोलून बरे होणे’ हे नाव तिनेच दिले. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादावरचे पुस्तक काढले तेव्हा ही कथा यशाची कथा म्हणून छापली गेली. उपचार थांबल्यावर ती आरोग्यधामात दाखल झाली होती, हे पुढे कागदपत्रांतून उघड झाले. पहिल्याच कथेतली ही खोट लपवून चालणार नाही. ती बाई मात्र पुढे खंबीर उभी राहिली. बर्था पापेनहाइम या खऱ्या नावाने तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली.

संमोहन सोडून फ्रॉइड यांनी मुक्त साहचर्याची पद्धत धरली. मनात येईल ते रुग्णाने न निवडता, न गाळता बोलायचे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण मराठी माणसाला ठाऊक असते. १९०० सालच्या आपल्या स्वप्नांवरील ग्रंथात फ्रॉइड यांनी तिच्यापुढचे पाऊल टाकले. मनी वसते ते स्वप्नात वेश बदलून येते, असे त्यांचे म्हणणे. दोन माणसांचा मिळून एक चेहरा होतो, महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात जाते आणि क्षुल्लक गोष्ट मध्यभागी येते. या ग्रंथाच्या पहिल्या ६०० प्रती खपायला सुमारे आठ वर्षे लागली.

मनाची प्रसिद्ध त्रयी १९२३ सालची: इदम्, अहम् आणि पराहम्. मराठी पाठ्यपुस्तकांत हे शब्द वाचताना मेंदूत तीन कप्पे असावेत असा भास होतो. फ्रॉइड यांनी जर्मन बोलीतले साधे शब्द वापरले होते, ‘ते’, ‘मी’ आणि ‘मीच्या वरचा’. ‘माझ्याकडून ते कसे झाले कळत नाही’ असे माणूस म्हणतो, त्यातले ‘ते’ म्हणजे इदम्. आईवडिलांचा आवाज आत मुरून ‘लाज नाही वाटत?’ असे दटावू लागतो, तो पराहम्. या दोघांना आणि बाहेरच्या जगाला सांभाळत चालणारा तो अहम्.

अहम् ही कसरत संरक्षण यंत्रणांच्या बळावर करतो. त्यांची नीट मांडणी फ्रॉइड यांची धाकटी मुलगी ॲना हिने १९३६ मध्ये केली. दमन ही त्यांतली मूळ यंत्रणा: नको असलेली गोष्ट जाणिवेतून हद्दपार करायची आणि हद्दपार केल्याचेही विसरायचे. बाकीच्या यंत्रणा मराठी लोकभाषेने फार पूर्वी हेरल्या आहेत. साहेबाचा राग घरी मुलावर निघतो ते विस्थापन, म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर. न मिळालेली द्राक्षे आंबट ठरवणारा कोल्हा समर्थन करत असतो. चोराच्या मनात चांदणे असते, कारण आतली अपराधी भावना त्याला बाहेर, लोकांच्या नजरेत दिसू लागते. हे प्रक्षेपणाच्या अगदी जवळचे. फरक एवढाच, की म्हण दुसऱ्याचे वर्म दाखवते, तर फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण स्वतःचे वर्म पाहायला लावते. आणि या यंत्रणा म्हणजे लबाडी नव्हे. त्यांच्यावाचून कोणाचाच दिवस निभावणार नाही. एकच यंत्रणा सगळीकडे, ताठरपणे वापरली जाऊ लागली की दुखणे सुरू होते.

या दृष्टिकोनाचे बळ आणि त्याची मर्यादा एकाच उदाहरणात पाहायची, तर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘छोट्या हान्स’ची हकीकत घ्यावी. व्हिएन्नातला हा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा. घोडा चावेल या भीतीने तो घराबाहेर पडेना, आणि त्या काळी रस्ताभर घोडागाड्याच होत्या. मालाने लादलेल्या गाड्यांचे घोडे, ज्यांच्या तोंडापाशी काळे काही असे, डोळ्यांना झापडे असत, ते त्याला जास्त भेडसावत. वडील फ्रॉइड यांच्या वर्तुळातले. मुलाचे बोलणे टिपून ते कळवत. फ्रॉइड यांनी उपचारादरम्यान मुलाला एकदाच पाहिले. त्यांचा अर्थ असा: हान्सला आई हवी होती, म्हणून वडील प्रतिस्पर्धी होते, पण वडिलांवर त्याचे प्रेमही होते. द्वेष आणि भीती वडिलांवरून उचलून घोड्यावर ठेवली की घरात प्रेम करायला वडील मोकळे. तोंडापाशचे काळे म्हणजे मिशी, झापडे म्हणजे चष्मा.

भीती अनुभवातून शिकली जाते असे मानणाऱ्या वर्तनवाद्यांनी १९६० मध्ये हे सारे झुगारले. हान्सने प्रवासी गाडीचा घोडा कोसळून पाय झाडताना पाहिला होता. तेवढ्यानेच भीती बसली, असे ते म्हणाले. मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९७३ मध्ये तिसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवले. दटावताना आई सोडून जाण्याची धमकी देत असे, हे त्याच हकीकतीत नोंदलेले आहे. आई निघून जाईल ही भीती असलेले मूल घर सोडेल कशाला? तिन्ही वाचनांत बोल्बींचे वाचन पुराव्याच्या सर्वांत जवळ वाटते. मिशी-चष्म्याची सांगड हुशारीची आहे, पण ती मुलापेक्षा अर्थ लावणाऱ्यांविषयी जास्त सांगते. एक गोष्ट मात्र फ्रॉइड यांचीच: पाच वर्षांच्या पोराच्या ‘वेड्या’ भीतीला अर्थ असतो, तिचे धागे घरातल्या नात्यांत सापडतात आणि ते ऐकून घ्यावे लागतात. हान्सची भीती गेली. पुढे तो ऑपेराचा नामवंत दिग्दर्शक झाला. एकोणिसाव्या वर्षी तो फ्रॉइड यांना भेटला, तेव्हा छापलेल्या हकीकतीतले त्याला जवळजवळ काहीही आठवत नव्हते.

बोल्बींपर्यंतची वाट वळणावळणाची. फ्रॉइड यांचे सहकारी ॲडलर १९११ मध्ये त्यांच्या वर्तुळातून बाहेर पडले आणि त्यांनी न्यूनगंडावर भर दिला. १९१३ च्या सुमारास दुसरे सहकारी युंगही दुरावले. कारेन हॉर्नाय यांनी फ्रॉइड यांच्या स्त्रीविषयक कल्पना पुरुषी समाजातून आल्याचे ठणकावले, आणि ते योग्यच होते. लंडनमध्ये मेलनी क्लाइन आणि डोनल्ड विनिकॉट यांनी लक्ष आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्याकडे वळवले. बोल्बींनी त्यातून आसक्तिबंधाचा सिद्धांत उभा केला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. मुलांच्या वॉर्डात आईला राहू देण्याची चळवळ ब्रिटनमध्ये उभी राहिली, तिला त्या चित्रपटाने मोठे बळ दिले. या परंपरेचे याहून मोठे सामाजिक फलित दाखवणे अवघड आहे.

भारतात ही वाट लवकर पोचली. कोलकात्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये दमनावर ग्रंथ लिहिला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. भेट मात्र कधी झाली नाही. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची विरुद्ध इच्छा असते, असे बोस यांचे प्रतिपादन होते. भारतीय रुग्णांत खच्चीकरणाची धास्ती युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही, हेही त्यांनी फ्रॉइड यांना कळवले. पुढे सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या पुस्तकात भारतीय बालपणाचा वेध घेतला: आईचा दीर्घ सहवास, एकत्र कुटुंबातली अनेक माणसे, मग मुलग्याचे एकाएकी पुरुषांच्या जगात ढकलले जाणे. कक्कर यांची अखेरची वर्षे गोव्यात गेली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आक्षेप जुने आहेत आणि खरेही. कार्ल पॉपर यांच्या मते कोणत्याही वागण्याचा अर्थ लावू शकणारा सिद्धांत कधी खोटा ठरू शकत नाही, म्हणून तो विज्ञान नव्हे. मोजक्या रुग्णांवरून साऱ्या मानवजातीविषयी बोलणे हाही दोषच. मूल ठरावीक वयात ठरावीक अवस्थांतून जाते, हे फ्रॉइड यांचे वेळापत्रक आज फारसे कोणी मानत नाही. जाणिवेबाहेर चालणाऱ्या मानसिक प्रक्रिया मात्र प्रायोगिक मानसशास्त्रानेही मान्य केल्या आहेत, जरी त्यांचे रूप फ्रॉइड यांच्या नेणिवेहून बरेच निराळे असले.

उपचारही बदलला. रुग्णाने दिवाणावर पडून आठवड्यातून चारपाच तास बोलायचे, ही पद्धत आता थोड्यांचीच. समोरासमोर बसून, आठवड्यातून एकदा, काही महिने चालणारी मनोगतिक चिकित्सा अधिक प्रचलित आहे. तिचा गाभा भावनांच्या स्थानांतरणात आहे. वडिलांच्या धाकात वाढलेली व्यक्ती चिकित्सकाच्या साध्या प्रश्नातही दरडावणी ऐकते, गप्प होते, पुढच्या वेळी उशिरा येते. चिकित्सक रागावत नाही आणि सोडूनही देत नाही. हे आत्ता इथे काय घडले, असे विचारतो. जुने नाते नव्या माणसावर येऊन बसलेले त्या व्यक्तीला त्या खोलीत, घडत असतानाच दिसते.